आईंच्या नावावरचे डबे

"आईला भूक लागली का म्हणून विचारत बसू नकोस," सहलीला निघायच्या दोन दिवस आधी माझ्या नणंदेने फोनवर सांगितलं. "ती कधीच हो म्हणणार नाही. ताट समोर ठेव आणि तिने पहिला घास तोंडात घातल्याशिवाय तिथून हलू नकोस. तिची ती मधुमेहाची गोळी रिकाम्या पोटी माणसाला आडवं करते."

मी "हो ताई, हो ताई" करत राहिले आणि फोन खांद्याने कानाशी दाबून मुलांच्या मोज्यांच्या जोड्या लावत राहिले. मला त्यात काळजी कमी आणि टोमणा जास्त ऐकू आला. तिच्या आईला माझ्या घरी काय कोणी उपाशी ठेवतं? फोन ठेवल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, तुझ्या बहिणीला उंटावरून शेळ्या हाकायची फार हौस. तो हसला आणि विषय संपला.

एरवी मी निष्काळजी नाही. उलट घरात त्यावरून माझी थट्टा होते. कुलूप लावून खाली उतरल्यावर गॅस बंद केलाय का ते बघायला मी दोनदा वर जाते. थोरली आठ वर्षांची आहे, तरी रस्ता ओलांडताना तिचं मनगट धरते. धाकटा चार वर्षांचा. त्याला आम्ही मुंगळा म्हणतो, कारण एकदा चिकटला की निघत नाही. त्याच्यावर तर झोपेतही माझा एक डोळा असतो. नजर ठेवणं मला कोणी शिकवायला नको. फक्त त्या दिवशी ती भलतीकडे लागली होती.

मनोरंजन उद्यानाची ती तीन दिवसांची सहल आम्ही दोन वर्षं ठरवत होतो. तिकिटं झाली, खोली झाली, प्रवास झाला. जेवणाचा विचार मात्र कोणी केला नव्हता. जेवण काय, होतं कुठेही, असं वाटलं. पहिल्या दिवशी फाटकावर बॅगा उघडून आमचा पाव आणि केळी बाजूला काढून ठेवली गेली. बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणे. आत पाच माणसांसाठी चार ताटं घेतली. ताटं कसली, बशाच त्या. नवऱ्याने बिल दोनदा वाचलं आणि चार घड्या घालून खिशात ठेवलं. आई थोरलीने टाकलेलं खाऊन उठल्या.

संध्याकाळी खोलीवर तो म्हणाला, उद्यापासून आत एकदाच खायचं. मी म्हटलं, मुलं काय हवा खाणार? आणि मग मला फाटकावरची पाटी आठवली. बाहेरच्या खाण्याला दोन अपवाद होते. एक तान्ह्या बाळांचं खाणं. दुसरा, डॉक्टरांची चिठ्ठी असलेल्या रुग्णाचं खाणं.

तान्हं बाळ आमच्याकडे नव्हतं. रुग्ण होता.

घराजवळच्या डॉक्टरांना मी निरोप पाठवला आणि त्यांनी तासाभरात चिठ्ठी पाठवली. यांना मधुमेह आहे, थोड्या थोड्या वेळाने खावं लागतं, स्वतःचं खाणं जवळ ठेवू द्यावं. चिठ्ठीतला शब्दन् शब्द खरा होता. तिच्या आडून आम्ही जे केलं ते मात्र सगळं आमचं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच उठून खोलीतल्या चहाच्या किटलीत मी अंडी उकडली. एका वेळी चारच मावायची. मग त्याच पाण्यात बटाटे. खोलीला असा वास सुटला की मुंगळा नाक दाबून गादीत शिरला. पाव, लोणी, केळी, शेंगदाणे, काकडीच्या फोडी आणि कागदाच्या पुडीत मीठ. तीन डबे भरले आणि तिन्हींवर चिकटपट्टी लावून आईंचं नाव लिहिलं.

माझ्या सासूबाईंनी तीस वर्षं घरात शिवणकाम केलं. गिऱ्हाईक समोर असलं की तोंड हलवायचं नाही, ही त्यांची शिस्त. तुकड्यांतून अंगरखा काढणाऱ्या बाईला काटकसर कोण शिकवणार? माझा बेत ऐकून त्या खूश झाल्या. मी त्यांना सांगितलं, कोणी विचारलं तर एवढंच म्हणायचं, सगळं माझंच आहे. त्यांनी दोनदा म्हणून दाखवलं, शाळेत पाठ म्हणतात तसं.

फाटकावर एक जाडजूड गार्डबाई होती. तिने चिठ्ठी वाचली, डबे उघडले आणि विचारलं, "आजी, हे एवढं तुम्ही एकट्या खाणार?"

"तू माझ्या वयाची हो, मग सांगते," आई म्हणाल्या.

गार्डबाईला हसू आलं, पण तिने मला बाजूला घेऊन नियम ऐकवला. हे खाणं फक्त आजींचं. दुसरं कोणी खाताना दिसलं तर डबे जप्त होतील, दंड होईल आणि सगळ्यांची तिकिटं रद्द. आम्ही आत येऊन पहिल्या वळणापर्यंत हसत होतो. आईंच्या उत्तराची नक्कल नवऱ्याने तीनदा केली. माझ्या कानात मात्र 'तिकिटं रद्द' हे दोन शब्द जाऊन बसले ते बसलेच.

म्हणून मी ठरवलं की आपण एकत्र खायचंच नाही.

सर्वांत उंच राइड बोटीची होती. बोट वर चढते आणि वरून थेट पाण्यात कोसळते. तिच्यासमोर एक मोठं झाड, झाडाभोवती गोल कट्टा आणि कट्ट्याला लागून बाक. त्या बाकावर आईंना बसवलं. त्यांना पाळण्यांत बसायचं नव्हतंच, गरगरतं म्हणाल्या. सगळ्या बॅगा त्यांच्यापाशी, डबा मांडीवर. आमच्यापैकी एकेकाने जायचं, शेजारी टेकायचं, सोबत करतोय असं दाखवायचं आणि खाऊन उठायचं. मुलांना तो खेळच वाटला. आई गप्पा मारता मारता सुईत दोरा ओवावा तशा सफाईने बटाट्याची फोड थोरलीच्या तोंडात सरकवत. मी दहा पावलांवर उभी राहून गार्ड येताहेत का ते बघत असे. नवरा मला टोळीची म्होरकी म्हणाला. मी म्हटलं, हस, पाकीट तुझंच वाचतंय.

आणि वाचत होतंच. दुपारपर्यंत आम्ही एक पैसा खाण्यावर घातला नव्हता. समोर लोक बशा घेऊन रांगेत उभे होते आणि मला त्यांच्याकडे बघून गुदगुल्या होत होत्या. पण मनाला स्वस्थता कुठेच नव्हती. गार्डचा निळा गणवेश दिसला की मी खोकून इशारा द्यायचे. मुंगळ्याच्या गालावर पावाचा कण दिसला की मी तो अंगठ्याने पुसायचे. कर्ण्यांवर एकच गाणं सारखं वाजत होतं आणि मी त्याच्या तालावर भराभर मान फिरवत होते. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

आईंना मी विचारलं नाही असं नाही. विचारलं. त्या म्हणाल्या, "झालं गं, आत्ता पोरीबरोबर खाल्लं." नवऱ्याने विचारलं तेव्हा त्यांनी मुंगळ्याबरोबर खाल्लं होतं. मुंगळ्याला म्हणाल्या, तुझ्या आईबरोबर जेवले. आम्ही चौघं एकाच वेळी तिथे कधी नव्हतोच, मग ताळा कोण जुळवणार? डबा रिकामा होत होता, एवढंच आम्हाला दिसत होतं. दोन डबे संपले. तिसरा त्यांच्यापाशी ठेवून मी म्हटलं, आई, हा पूर्ण तुमचा, आम्ही बोटीत जाऊन येतो तोवर खाऊन घ्या. "खाते गं," त्या म्हणाल्या, "तुम्ही जा, रांग वाढतेय."

एका मुलामागे एक मोठं माणूस लागतं, असा बोटीचा नियम होता. म्हणून आम्ही चौघंही गेलो. पाटीवर लिहिलं होतं, इथून एक तास.

ती रांग नागमोडी होती. दोरांमधून या टोकाला जायचं, वळायचं, त्या टोकाला जायचं. झाडाकडच्या टोकाला आलं की बाक दिसायचा. दुसऱ्या टोकाला खोट्या दगडांची भिंत होती. तिथे गेलं की काही दिसत नसे. मी वळणं मोजायला लागले.

पहिल्या वळणावर आई ताठ बसल्या होत्या, डबा मांडीवर, झाकण लावलेलं. त्यांनी हात हलवला. मुंगळ्याने दोन्ही हात हलवले.

दुसऱ्या वळणावर त्या रुमालाने मान पुसत होत्या. ऊन होतं खरं, पण बाक सावलीत होता. मी नवऱ्याला म्हटलं, आईंना घाम फार येतोय. तो म्हणाला, मलाही येतोय.

तिसऱ्या वळणावर डबा बॅगेत गेला होता आणि त्या बॅगेच्या बंदाशी खेळत होत्या. खेळत म्हणजे, बंद अडकवायचा, काढायचा, पुन्हा अडकवायचा. तीस वर्षं काजं-बटणं केलेल्या बाईला एक बंद लागत नव्हता. हे माझ्या लक्षात आलं आणि मी पुढे सरकले, कारण मागच्या माणसाची ढोपरं मला लागत होती.

चौथ्या वळणावर बाक रिकामा होता. बॅगा तिथेच होत्या.

मी म्हटलं, आई बॅगा सोडून जाणार नाहीत. नवरा म्हणाला, बाथरूमला गेली असेल, तुला जरा म्हणून दम नाही. आमच्यापुढे आता तीसेक माणसंच उरली होती. थोरली टाचा वर करून बोटी मोजत होती.

पाचव्या वळणावर मी घड्याळात पाहिलं तेव्हा दोन वाजले होते; बाकापाशी सकाळचीच गार्डबाई उभी होती आणि दुसरा एक गार्ड आमच्या बॅगा उचलून नेत होता.

तेव्हा माझ्या मनात सगळ्यांत आधी काय आलं ते लिहिते, नाहीतर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मनात आलं, पकडलं. आईंना काय झालं असेल हे नाही आलं. दंड आला, तिकिटं आली, उद्याचा तिसरा दिवस आला. मी नवऱ्याची बाही ओढली आणि दबक्या आवाजात सांगितलं, तिकडे बघू नकोस, आपण गेलो तर सगळंच उघडं पडेल, आई बोलून निभावून नेतील, सकाळी नेलं ना तसं. आणि मी तोंड फिरवून भिंतीकडे चालायला लागले. ते अख्खं वळण मी चालले. किती मिनिटं ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. मला ती ठाऊक आहेत.

परत आले तेव्हा कट्ट्यापाशी एक झाडूवाली बाई गुडघ्यांवर बसली होती आणि तिच्या झाडूशेजारी आईंची एक चप्पल उताणी पडली होती.

मुलांना धर, एवढं म्हणून मी दोरांखालून वाकून निघाले. लोक ओरडले असतील. मला ऐकू आलं नाही.

आई बाकापलीकडे, खाली जमिनीवर कट्ट्याला टेकून बसल्या होत्या. चेहरा धुतल्यासारखा ओला, ओठ पांढरे. त्या माझ्याकडे बघत होत्या, पण ओळख नव्हती. गार्डबाई त्यांच्या तोंडाजवळ वाकून पुन्हा पुन्हा विचारत होती, आजी, काय खाल्लंत, कधी खाल्लंत? चिठ्ठी तिच्या लक्षात होती. साखरेचा माणूस आहे, हेही लक्षात होतं. आणि आई जड जिभेने, पाठ म्हणावा तसं उत्तर देत होत्या.

"सगळं माझंच आहे. मीच खाल्लं."

"या तर म्हणतात भरपूर खाल्लंय," गार्डबाई मला म्हणाली. "उन्हानेच झालंय. गाडी मागवलीय, तोवर वारा घाला."

"ऊन कसलं," झाडूवाली म्हणाली. ती मोठ्याने बोलली नाही, आईंचं डोकं आपल्या दंडावर नीट घेत बोलली. "मी सकाळपासून इथे झाडतेय. हिने घास खाल्लेला नाही. ही नुसती वाढतेय."

गार्डबाईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात शब्द तयार होते, खोटेच होते. आईंचा हात माझ्या हातात होता.

"त्यांनी नाही खाल्लं," मी म्हटलं. "आम्ही खाल्लं. डबे आमच्यासाठीच आणले होते. गोळी घेतली असेल तर पोटात काही नाही त्यांच्या."

गार्डबाई पेयांच्या टपरीकडे धावली. तिथे ही गर्दी. झाडूवालीने तेवढ्यात कमरेच्या पिशवीतून स्वतःची बाटली काढली. त्यात गार झालेला चहा होता. "साखर दामटून असते माझ्या चहात," ती म्हणाली, "दिवसभर उभं राहायचं असतं." तिने घोट घोट करून आईंना तो पाजला. प्रत्येक घोटानंतर गळा हलतोय ना ते बघत होती. मी नुसती हात धरून होते. आमच्या बॅगा, त्यातला भरलेला तिसरा डबा, सगळं बेवारस सामान म्हणून कार्यालयात जाऊन पडलं होतं.

दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. आईंच्या कपाळावरचा घाम वाळला. झाडूवालीने आपला डबा उघडला. पावाचे चार तुकडे होते आणि काहीतरी भाजी. दोन तुकडे आईंनी खाल्ले, मग तिसरा, मग चौथा. तोवर नवरा मुलांना घेऊन आला होता. आईंनी मान वर करून मुंगळ्याला ओळखलं आणि विचारलं, बोटीत बसलास का रे? तो नाही म्हणाला आणि रडायला लागला. तेव्हा त्या माझ्याकडे वळून, तक्रार केल्यासारख्या म्हणाल्या, "एवढा वेळ उन्हात उभे राहिलात आणि न बसताच आलात होय?"

तिसरा डबा का नाही खाल्ला, हे त्यांनी नंतर सांगितलं. बोटीतून उतरल्यावर पोरं भुकेजणार, मग तुम्हाला विकत घ्यावं लागलं असतं. त्यांच्या आवाजात कसलाही आव नव्हता. उरलेलं कापड जपून ठेवलं म्हणून सांगावं तसं सांगितलं.

प्रथमोपचाराच्या खोलीत नर्सने बोटातून रक्त घेतलं. चहा-पाव पोटात जाऊनही आकडा तिच्या मते कमी होता. तिने विचारलं, गोळी किती वाजता घेतली? मला माहीत नव्हतं. नवऱ्याला माहीत नव्हतं. थोरली दाराजवळ उभी होती. ती म्हणाली, बारा वाजता, माझ्या बाटलीतल्या पाण्याने. आजीने सांगितलं होतं, आईला नको सांगू, नाहीतर ती सगळ्यांना जेवायच्या रांगेत उभं करेल.

गार्डबाई टेबलापाशी बसून छापील अर्ज भरत होती. मी शेजारी उभी होते, त्यामुळे मला वाचता आलं. रुग्ण कोण, कुठे सापडला, काय दिलं, कोणी दिलं. त्या रकान्यात तिने लिहिलं: सफाई कामगार, स्वतःचं खाणं पाहुण्याला दिलं. मी विचारलं, हे कशाला लिहिता? ती म्हणाली, कामगारांनी पाहुण्यांना खायला-प्यायला काही द्यायचं नाही, असा नियम आहे, काही झालं तर उद्यानावर येतं. मी म्हटलं, तिच्यामुळे तर वाचल्या. तेही लिहिते, ती म्हणाली, आणि तिने लिहिलंही. पण पहिली ओळ खोडली नाही. अर्जांना क्रमांक असतात, फाडता येत नाहीत म्हणाली. खाली आमच्यासाठी एक रकाना होता, नियमभंग आणि दंड. त्याकडे तिने बराच वेळ पाहिलं, मग आईंकडे पाहिलं आणि तो कोरा सोडला.

त्या रात्री मी नणंदेला फोन केला. काही लपवलं नाही, ते भिंतीकडचं वळणसुद्धा. मला वाटलं होतं ती तोडून टाकेल. तिने एवढंच विचारलं, "आत्ता काय खाल्लंय तिने?" मी सांगितलं. मग म्हणाली, कोणासमोर खाल्लं? मी म्हटलं, माझ्या. बरं, म्हणाली, आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी कोणीच उद्यानात गेलं नाही. आई खोलीत मुलांबरोबर पत्ते खेळत बसल्या. मी एकटी गेले, तिकीट होतंच. झाडूवालीचे आभारसुद्धा मी धड मानले नव्हते. आईंना गाडीत बसवलं तेव्हा ती रिकामा डबा कट्ट्यावर आपटून त्यातले कण झाडत होती आणि लगेच कोणीतरी तिला हाक मारली. तिची दुपारची सुट्टी आमच्यापायी संपली होती. डबाही.

बाकापाशी दुसराच माणूस झाडत होता. मी विचारलं, काल इथे होत्या त्या बाई कुठे आहेत? त्याने आधी लांबवर उभ्या असलेल्या गार्डकडे पाहिलं, मग म्हणाला, आज आली नाही. सुट्टी आहे का, तर म्हणाला, मला काय सांगत नाहीत. कार्यालयात गेले. खिडकीतल्या मुलीने नाव विचारलं. मला नाव ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, इथे सफाईला दोनशे माणसं आहेत. घरी आल्यावर मी उद्यानाच्या कार्यालयाला दोन पत्रं लिहिली. सगळा प्रकार लिहिला, चूक आमची होती असं लिहिलं, अर्जातल्या त्या ओळीबद्दल लिहिलं. दोन महिने झाले, उत्तर नाही. आई बऱ्या आहेत. मी मात्र दुपारी दोन वाजले की कामात असले तरी उठते आणि खिडकीपर्यंत जाऊन परत येते.

म्हणून हे लिहिलं. तुमच्यापैकी कोणी त्या उद्यानात गेलंच तर बोटीसमोरच्या झाडापाशी जा, गोल कट्टा आहे तिथे. पन्नाशीची बाई आहे, अंगाने सडपातळ, कमरेला पिशवी बांधते, डाव्या हाताच्या मोज्याला पिवळा दोरा गुंडाळलेला असतो. तिला तुमच्याकडचं काही खायला देऊ नका, उगाच तिच्या नावावर आणखी काही लिहिलं जाईल. ती कामावर आहे का, एवढं बघा. आणि असली तर दुपारी जरा वेळ तिथेच घुटमळा, ती डबा उघडते का ते बघा. मला कळवा.